पाचवी शिट्टी

‘हलू नगंस, पोरा. मी हाय न्हवं.’

नऊ वर्षं झाली, तरी तो आवाज कृष्णातच्या कानात तसाच होता. निपाणीचं कुस्तीचं मैदान. तोंडात तांबडी माती, डोळ्यांवर ऊन, हलगी एकाएकी थांबलेली. आणि कानाशी वाकलेले यल्लाप्पा वस्ताद. त्या दिवसातलं बाकी सगळं पुसट झालं. दोनच गोष्टी ठसठशीत राहिल्या. वस्तादांचा तो आवाज, आणि त्याआधी समोर लढणाऱ्या मष्णूनं त्याला डोक्यावरून भिरकावलं तो क्षण. एकावर त्यानं जीव लावला. दुसऱ्यावर दात धरला.

आता १९८४ चा फेब्रुवारी होता. कंग्राळीतल्या घराच्या अंगणात तो चाकांच्या खुर्चीत बसला होता. कमरेखाली जीव नव्हता. वर मात्र दंड बाभळीच्या बुंध्यासारखे. रात्रीच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं. खुर्चीत बसून खेळायच्या बास्केटबॉलचा शेवटचा निवड सामना उद्या होता. देशाच्या संघात एकच जागा उरली होती.

वस्ताद गुडघ्यांवर बसून चाकाला वंगण देत होते. गावात कुणाची कंबर धरली, कुणाचा खांदा निखळला, की दवाखान्याआधी माणसं त्यांच्याकडंच यायची. असं हातगुण असलेलं माणूस. पण कृष्णात पडला, आणि वस्तादांनी तालमीला कुलूप घातलं. दुसरा पठ्ठा घेतला नाही. रोज पहाटे यायचे. कृष्णातला आंघोळ घालायचे, खुर्ची चढाला लावायचे आणि म्हणायचे, ‘वढ.’ तो ओढायचा. साठीचा म्हातारा मागं पळायचा. गाव म्हणायचं, गुरू असावा तर असा.

आत त्याची आई सोनुबाई हुलगे भरडत होती. जात्याबरोबर तिचा गळा फिरत होता.

*चाक फिरं गरगरा, धूळ उडं वाटंवर*
*लेक माझा चालला गं, उभा आपुल्या दंडावर*

कृष्णातचं लक्ष नव्हतं. बेळगावच्या कॅम्पात हा खेळ शिकवणारे सुभेदार मारुतीराव काल बजावून गेले होते. ‘तुझी खुर्ची चेंडूकडं जात नाही रे, माणसाकडं जाते. मुद्दाम धडकलास की पंचाची शिट्टी. पाचव्या शिट्टीला बाहेर काढतात, आणि दर सामन्यात तू बाहेरच असतोस. उद्या तेच झालं तर जागा दुसऱ्याला जाईल.’

त्याला ते कळत होतं. पण आडवी आलेली खुर्ची दिसली, की तिच्यात त्याला मष्णू दिसायचा. मग चाक आपसूक धडकायचं.

कुंपणाशी कुणीतरी थांबलं. तंबाखूचा उग्र वास आधी आत आला.

‘कोण त्यो?’ कृष्णातनं विचारलं. ओळखलं होतं, तरी विचारलं.

‘मी. मष्णू.’ निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलून त्याची मान एका बाजूला कलली होती. त्या कुस्तीनंतर त्यानं लंगोट बांधला नव्हता. ‘नारळ द्यायला आलतो.’

‘फोड की मग माझ्या डोस्क्यात. त्येवढंच ऱ्हायलंय.’

मष्णूनं मान खाली घातली. ‘हितंच ठेवतो. जिंकून ये, अण्णा.’

‘अण्णा म्हणू नगंस मला! आप्पा, ह्येला घालवा. न्हायतर उद्या पयल्या घटकेलाच पाच शिट्ट्या घेतो बगा.’

वस्ताद उठले नाहीत. हाताचं वंगण त्यांनी धोतराला पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं.

‘कृष्णात, एक इचारतो. ह्यो राग तुझ्यातनं काढून घेतला, तर काय उरंल रं?’

‘दंड उरतील की.’ कृष्णात हसला. ‘त्ये काय रागानं झाल्यात व्हय? तुमी केलासा. नऊ वर्सं.’

‘आन मीबी न्हाय उरलो तर?’

म्हातारं आज असं काय बोलतंय, ते त्याला उमगेना. गाडीची वेळ होत आली होती.

‘तुमी मागनं पळतासा फकस्त, आप्पा. चाक मीच वढतो. तुमी असा, नसा, उद्याबी मीच वढणार. आता काय सांगायचं त्ये सांगा.’

आतलं जातं थांबलं. सोनुबाई पिठाळ हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

नारळ ठेवून मष्णू जायला वळला होता. ‘थांब,’ वस्ताद म्हणाले. ‘तूबी ऐक. तुलाच आदी सांगाया पायजे व्हतं.’

मग त्यांनी आपले दोन्ही तळवे कृष्णातच्या थंड पावलांवर ठेवले. हजारदा त्यांनी ती पावलं धुतली होती, तेल लावून चोळली होती.

‘त्या दिशी डाक्टर पुढच्याच रांगेत बसला व्हता. पळत आला. हात लावू नगा म्हनला. मी त्येला ढकलला. म्हनलं, पठ्ठा माझा हाय, पाठ मी बशिवतो.’

वस्तादांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच कृष्णातच्या डोळ्यांत बघितलं.

‘मष्णूनं पाडलं तवा तुझ्या पायाची बोटं हालत व्हती, कृष्णात. मी पाठीवर पाय दिऊन वढलं, तवा थांबली.’