तारेची घट

पडद्यावरची रेषा चोवीस गिगाहर्ट्झला सुरू झाली आणि चव्वेचाळीसपर्यंत कुठेही न वाकता गेली. हवेतून येणारा क्षीण संकेत वाढवण्यासाठी बनवलेली नमुन्याची नवी चिप वारंवारतांच्या साऱ्या पट्ट्यात सारख्याच जोमाने काम करीत होती. सूक्ष्मदर्शकात पाहून चिपवर मोजणीच्या सुया टेकवणाऱ्या सुईताईने टाळीच वाजवली.

"मास्तर, जिंकलो! साहेबांनी गिऱ्हाइकाला कळवलंसुद्धा."

मास्तर खुर्चीवरून उठले नाहीत. चिपचा आराखडा त्यांचा होता. चार वाजता तो चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे जायचा होता आणि चाराला अकरा मिनिटे कमी होती. एकदा गेला की त्यात काडीचाही बदल नाही. ही खेप चुकली, तर पुढची तीन महिन्यांनी. तोवर साहेब विभाग ठेवतील, याची खात्री कुणालाच नव्हती.

"वरच्या टोकाला दोन डेसिबलचा उतार दिसायला हवा होता," ते म्हणाले. "गणितात होता. इथे नाही."

"चांगलं झालं तरी तुमचं तोंड वाकडंच! चिप गणितापेक्षा गुणी निघाली म्हणा."

"इतकी गुणी चिप मी आजवर पाहिली नाही गं."

मोजणीच्या तारेत संकेताची जितकी घट होते, तितकी आकड्यांत परत मिळवावी लागते. वारंवारता वाढते तशी ही घटही वाढते. ही भर मास्तरांनी दुपारी स्वतःच्या हाताने घातली होती.

"सकाळी यंत्र लावून सुया नुसत्या टेकवून बघितल्यास, तेव्हा तू तारेची घट भरून काढलीस का?"

सुईताईने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "आधी तेच करायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मास्तरांनी आपली भर पुसली. रेषा निम्म्यापर्यंत जेमतेम हलली, मग झुकत गेली. टोकाला उतार चार डेसिबल. करारात तीनच मान्य होते.

चाराला सहा कमी.

"मास्तर," तिचा आवाज खोल गेला, "आज कुणाला कळणार आहे? विभाग तरी तगेल."

"कारखान्यातून आलेल्या चिपवर सुया टेकवशील, तेव्हा तुलाच कळेल."

त्यांनी फोन उचलला. "साहेब, आराखडा थांबवा. तारेची घट दोनदा भरली गेली आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणाला तरी दोन शब्द सांगितले गेले. मग साहेब परत आले.

"थांबवला. चूक कुणाची?"

सुईताई मास्तरांकडे पाहू लागली.

"दोघांनी एकच काम केलं, साहेब," मास्तर म्हणाले. "आणि दोघांनीही अगदी बरोबर केलं."

सुईताईने सुया उचलल्या. सूक्ष्मदर्शकाखाली चिपच्या धातूच्या इवल्याशा चौकोनावर दोन ओरखडे शेजारी शेजारी चमकत होते. त्यांतला सकाळचा कोणता आणि दुपारचा कोणता, हे तिलाही सांगता आले नसते.