बोटभर जागा

"हा माझा पाय आहे?" पोरीनं वाकून खाली बघितलं. "बाबा, हा हत्तीचा आहे!"

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. शिलाईच्या खोलीत खाकी कागद पसरला होता, त्यावर त्यांची एकुलती एक लेक मोजे घालून उभी होती आणि तिच्या पावलाभोवती त्यांनी खडूनं रेघ मारली होती. रेघ देखणी होती, एका दमात मारलेली, कुठे थरथर नाही. फक्त ती पावलापासून चांगली बोटभर लांब होती.

आता बोला! चाळीस वर्षं कापडावर फिरलेला हात तो. माप घेतलं की बाहेर बोटभर सोडायचं आणि कापायची रेघ मारायची, एवढंच त्याला ठाऊक. डोक्याला विचारायला तो कशाला थांबतोय?

"म्हणजे मागच्या खेपेलाही तुम्ही हेच केलंत," ती म्हणाली. "आणि मी त्या दुकानवाल्यांना काय काय लिहून पाठवलं. बिचारे माफी मागत होते माझी!"

मागच्या खेपेचे बूट सायकलचेच होते, खास शर्यतीचे. त्यांच्या तळाची पट्टी पायडलमध्ये अडकते, म्हणजे पायाचा सगळा जोर चाकाला मिळतो. पण चढावर तिनं जोर लावला की टाच बुटातल्या बुटात वर यायची. ते परत गेले. आता ऑनलाइन दुकानात प्रत्येक मापाचा एकेकच जोड उरला होता. आज मागवला तर तो शुक्रवारी येणार आणि शनिवारी सकाळी ती निवडीच्या शर्यतीला जाणार. पहिल्या सहांत आली तर दोन वर्षं सराव केंद्रात, लांब. या वेळी माप चुकलं, तर कॅनव्हासच्या बुटांत घाट चढायचा, म्हणजे आनंदीआनंदच.

"पण थोडी जागा नको का?" मास्तर पुटपुटले. "वाढत्या अंगाचं घ्यावं."

"बाबा, एकोणीस वर्षांची आहे मी. माझे पाय वाढायचे कधीच थांबले."

"कधी?"

त्यांनी हे असं विचारलं, जणू घरातली एवढी मोठी गोष्ट त्यांना न सांगता परस्पर ठरली होती.

"झाली असतील तीन वर्षं," ती हळूच म्हणाली.

दुपार कलली होती. उन्हाचा चौकोन सरकत सरकत कागदावर आला होता. भिंतीला टांगलेल्या सायकलचं मागचं चाक कुणाचा तरी धक्का लागून आपल्याच नादात फिरत होतं आणि त्याच्या तारांची सावली मास्तरांच्या हातावरून, लेकीच्या मोज्यांवरून फिरत होती. बघता बघता त्या सावलीत मास्तरांना पावलंच पावलं दिसायला लागली. तळहातावर मावणारं एक, त्याच्याबाहेर जरा मोठं, त्याच्याबाहेर आणखी मोठं. तिच्या शाळेच्या झग्यांना ते खाली तीन-तीन दुमडी घालायचे आणि दरवर्षी एक उसवायचे. कुठल्याशा वर्षी उसवायला दुमडच उरली नाही, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

"बाबा? झोपलात की काय?"

"छे छे. पेन्सिल दे इकडे. खडू जाड पडतो."

या वेळी त्यांनी पेन्सिल उभी धरली आणि मोज्याला घासून फिरवली. तळव्याच्या खोलगट भागाशी आल्यावर ती खिदळायला लागली.

"हलू नकोस गं बये! अजून गुदगुल्या होतात?"

"त्या कुठे थांबल्यात?"

डावा दोनशे त्रेचाळीस मिलिमीटर भरला, उजवा दोनशे सेहेचाळीस. मोठा असेल तो धरायचा, असं मोबाइलवर लिहिलेलंच होतं. मास्तरांनी तिथल्या मापांच्या तक्त्याची ओळ बोटानं धरून ठेवली. 'दोनशे पन्नास' जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सेहेचाळीस," ते म्हणाले. "आणि वर काहीही नाही."

"नक्की?"

"दाब लवकर. माझा काही भरवसा नाही."

शुक्रवारी खोकं आलं. तिनं बूट चढवले, पट्टे आवळले आणि उंबऱ्याशी उभी राहिली. मास्तर गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून चाचपू लागले, लहान पोरांचे बूट घेताना चाचपतात तसे. तिची बोटं टोकाला टेकत नव्हती, एवढंच. त्यापलीकडे काही नव्हतं.

मास्तर घाबरले. "जागा उरलीच नाही गं!"

"उरायला नकोच होती, बाबा." तिनं टाच उचलून दाखवली. टाचेबरोबर बूटही उचलला गेला. "बघा. बरोबर माझ्याएवढा झालाय."

तिनं सायकल बाहेर काढली. एक पाय पायडलवर ठेवून दाबला, टिचबटण लागावं तसा आवाज आला. मग दुसरा. "चढापर्यंत जाऊन येते," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मास्तर आत येऊन मशीनवर बसले. खिडकीतून रस्ता दिसत होता, रस्त्यावर ती दिसत होती, लहान लहान होत चाललेली. त्यांचे अनवाणी पाय आपसूक मशीनच्या पायडलवर गेले. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. तरी ती चढ चढून पलीकडे उतरेपर्यंत मास्तर पायडल मारत राहिले.