पिवळ्या गोळ्या

जीपमध्ये पुढे चार माणसं होती, मधे पाच, मागे सात आणि दोन कोंबड्या. रविनाच्या पोटात आणखी एक होतं. पाळी चुकून आठवडा झाला होता. नवरा वसईला कामावर होता, सासू काशी शेजारीच बसली होती, आणि दोघांनाही तिने सांगितलं नव्हतं.

समोर पाड्यावरची आशा सेविका चंदा बसली होती. गोळ्यांची पिशवी तिच्या मांडीवर. सूर्यमाळच्या फाट्यावर ती उतरणार होती.

पोट दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नजर लागते, ही रीत. मागच्या खेपेलाही रविना गप्प राहिली. फॉलिकच्या पिवळ्या गोळ्या चौथ्या महिन्यात सुरू झाल्या. मुलगी जन्मली ती पाठीच्या कण्यात उघडी फट घेऊन. दोन दिवस जगली. जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी सासू-सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, पाठ पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच मिटते, गोळ्या त्याआधी पोटात जायला हव्यात.

चंदाकडे गोळ्या मागायला रविनाने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. वळणावर एक कोंबडी फडफडत तिच्या पायाशी आली.

"घे मांडीवर," मागून कोंडी म्हणाली. "तेवढीच सवय."

बाया हसल्या. रविना पदराचं टोक पिळत राहिली.

फाटा आला. चंदा उतरली. ड्रायव्हरने गियर टाकला.

"चंदा," काशीने खिडकीतून हाक मारली, "त्या बारक्या पिवळ्या गोळ्या दे."

"कुणाला, आजी?"

"माला. माला दिवस गेल्यात."

साठीची विधवा बाई. अख्खी जीप हसून डुलली.

"या वयात कोण भेटला गं म्हातारे?" कोंडीने विचारलं.

"तुजाच सासरा."

चंदा हसली नाही. तिने काशीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी पाहिलं, आणि पाकीट आत दिलं. "रोज एक. चुकवायची नाही. उद्या दवाखान्यात या, आजी. सोबत सुनेला आणा."

जीप हलली. काशीने पाकीट रविनाच्या ओटीत सरकवलं. "नजर लागंल ती माज्या पोटाला लागंल," ती पुटपुटली.

पुढे खोडाळ्याच्या बाजारात बाया काशीला चिडवायच्या, "आजी, कितवा?" काशी न चुकता बरोबर महिना सांगायची.

पाचव्या महिन्यात जव्हारला रविनाची सोनोग्राफी झाली. बाळाचं वजन तीनशे वीस ग्रॅम. कणा मानेपासून खालपर्यंत बंद.