१८४०ची भिंत

अमरावतीच्या त्या जुन्या कचेरीचे तीन भाग होते, तीन वेगळ्या सालांचे. त्यांतला कुठला पाडायचा हे ठरवायला १९५८च्या उन्हाळ्यात बांधकाम खात्याने मला पाठवलं होतं.

१८९४चा भाग म्हणजे नुसता नट्टापट्टा. मी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर तीनदा ठोकलं. गिलावा पोकळ वाजला. "छ्या," मी म्हणालो. मागून येणाऱ्या डोमाजी मिस्त्रीने भिंतीवर चुन्याची फुली मारली. फुली म्हणजे पाडा.

१८६८चा भाग कुणा गोऱ्या साहेबाने घाईत उरकलेला. दोन कमानी एकसारख्या असतील तर शपथ. ठोकलं, पोकळ. "छ्या." फुली.

उरला १८४०चा, निजामाच्या अमलातला. काळ्या दगडाची जाडजूड भिंत, ना खिडकी ना नक्षी. यापेक्षा म्हशींचा गोठा देखणा. मी ठोकलं. आवाज भरीव आला, आणि मला त्याचाही राग आला. तेवढ्यात आतून तीन ठोके आले.

"पलीकडे कोण आहे रे?"

"कोनीच नाही जी, मैदान हाय." डोमाजीने भिंतीला कान लावला. "आवाज पलीकडून नाही, दगडातून येऊन राहिला."

"दगडात माणूस मावतो का, मूर्खा?"

पुन्हा तीन ठोके आले, माझ्या छातीच्या उंचीवर. मग ठोकून झाल्यावर मी थांबतो तेवढंच थांबून, माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "छ्या."

डोमाजी माझ्याकडे बघत मागे सरकला. त्याचं चुन्याचं डबडं या भागाच्या दाराबाहेरच राहिलं होतं.

माझ्या सदऱ्यावर, छातीच्या मधोमध, चुन्याची ओली फुली होती.