सुधारणेचा रकाना

आईच्या कंपनीत कानाचं मशीन बनतं. नव्या मॉडेलमध्ये काय सुधारायचं हे ठरवायला तिने एक तक्ता आखला: गिऱ्हाइकाला काय हवं, काय मिळतं आणि मधली तफावत कशी भरून काढायची. आजोबांकडून तो भरून घ्यायचं काम मी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं, आणि तक्ता त्यांच्या हातात कोंबून स्वयंपाकघरात गेले नि तिथूनच ओरडले, "आजोबा, बिनधास्त खोट काढा हं. सुनेची भीड बाळगू नका."

"खोट कसली? तू तिकडून बोलतेस तेसुद्धा स्वच्छ ऐकू येतंय," आजोबा म्हणाले.

संध्याकाळी मी तक्ता उचलला. तफावतीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं,

"ऐकू थोडं कमी येऊ द्या. मशीन नव्हतं तेव्हा नात कानाशी येऊन बोलायची."