दोघींपुरती हद्द

"घनता अपुरी आहे. पाणी देता येणार नाही," गावावर घिरट्या घालणारा ड्रोन म्हणाला.

विरळ वस्ती जंगलाला परत द्यायची, असा कायदा होता. माणसं गेली तशी गावाची हद्द आत आत आली. आता दोन टोकांना दोघीच उरल्या होत्या, एका शेवग्यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या.

शेवंताबाई वळकटी घेऊन इंदूबाईच्या दारात आली.

"हद्द तुझ्या अंगणाएवढी केली, तर घनतेला आपण दोघीसुद्धा पुरतो."

इंदूबाई उंबऱ्यातून हलेना. "शेवगा माझाच होता."

"आता तो जंगलाचा झाला गं."

इंदूबाईने अंगणापलीकडच्या शेवग्याकडे पाहिलं. मग तिने वळकटी आत घेतली आणि रिकामी घागर शेवंताबाईच्या हातात दिली.

वरचा ड्रोन पाणी द्यायला खाली उतरू लागला.