खुलासा

पेटंटचे अर्ज तपासणाऱ्या मृणालिनी गवाणकरांना घरून काम करायची परवानगी मिळाली आणि तीन वर्षं तुंबलेले बहुतेक अर्ज त्यांनी सहा महिन्यांत निकाली काढले. लगेच साहेबांचा फोन आला.

"बाई, कमाल केलीत! हे जमलं कसं, याचा अभ्यास करायला समिती नेमलीय. सोमवारपासून रोज ऑफिसला या."

"आणि उरलेले अर्ज, सर?"

"ते कुठे पळून जातायत?"

दोन महिने बाई समितीला घरची शांतता समजावून सांगत राहिल्या. एकही अर्ज हलला नाही. त्यात राजापूरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हरिश्चंद्र पाध्यांचं कोकम फोडायचं यंत्रही अडकलं होतं.

"माझ्या डोळ्यांदेखत होईल ना, बाई?" त्यांनी फोनवर विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आजारपणाची रजा टाकली, घरी बसून तो अर्ज बारकाईने तपासला आणि संध्याकाळी मंजूर केला. पाध्ये फोनवर रडलेच.

साहेबांनी मेमो पाठवला : 'रजेवर असताना काम का केलेत, याचा लेखी खुलासा करावा.'

बाईंनी एका ओळीत खुलासा दिला : 'कार्यालयात असताना कामाला वेळ मिळत नाही.'